खांद्याचं अस्तर

नागपूरच्या महाल भागात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. कटिंगच्या टेबलावर वाकून वाकून उजवा खांदा असा आखडला की गावभरच्या ब्लाउजांना हूक लावणारी मी, स्वतःचा मागचा हूक लावायला लेकीला हाक मारायची. सासूबाई म्हणाल्या, "घरी तेल हाय ना, तिथं पैसे कायले घालवून रायली?" तरी गेले. पश्चिम नागपुरातलं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक, पाऊण तासाचे सातशे रुपये. सहा वेळा झालं.

इथे तेल लावतच नाहीत, हात घसरायला नको म्हणून. फऱ्याच्या कडेला बोटं रुतवून मॅडम दीड-दोन मिनिटं तशाच थांबतात. आधी डोळ्यांत पाणी येतं, मग आत काहीतरी हळूच सैल पडतं. त्या म्हणाल्या, स्नायूंभोवती फॅशिया नावाचं वेष्टन असतं. मला ते अस्तरच वाटलं. अस्तर एका जागी ओढलं गेलं की चुणी भलतीकडेच दिसते, तसं. त्याच्या थरांमध्ये हायलुरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. हालचाल नसली की तो घट्ट होतो, ऊब आणि हालचाल मिळाली की थर पुन्हा सरकतात.

पाठ लाल झालेली पाहून मी विचारलं, विषारी घटक निघाले का? (आधीच्या एका मसाजवाल्या बाईंनी तेच सांगून पैसे घेतले होते.) मॅडम हसल्या. "ते काम लिव्हर-किडनीचं. इथे कातडीतला रक्तपुरवठा थोडा वेळ वाढलाय, एवढंच." फॅशियाही हातानं कायमचा ताणला जात नाही म्हणे, म्हणून घरचे व्यायाम चुकवले तर पुन्हा पहिल्यासारखं. हे मी चुकवून पाहिलंय. खरं आहे.

एकदा आमचे हे सोबत आले. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं बसून आलेले, एक पिंढरी सुजून गरम. म्हणाले, तेवढी दाबून द्या. मॅडमनी हातही लावला नाही. शिरेत गुठळी असली तर दाबल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते म्हणून थेट डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करायला पाठवलं. काही निघालं नाही. ह्यांना त्या पैशांचं दुःख अजून आहे, माझा मात्र मॅडमवर विश्वास तिथेच बसला.

तक्रारीही आहेत. पहिल्या दिवसानंतर दोन दिवस खांदा असा ठणकला की ऐन लग्नसराईत कात्री उचलवेना. असं होऊ शकतं हे आधी सांगायला काय झालं होतं? शिवाय दोन खाटांमध्ये नुसता पडदा, पलीकडच्या काकूंची सगळी सून मला पाठ झाली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मे महिन्यात दुपारची वेळ अजिबात घेऊ नका, जिना चढेपर्यंतच जीव जातो.

हूक आता माझा मी लावते. वरचा एक सोडून.