१९५७ च्या जांबोरीची प्रथम दिवस आवरणे आणि त्यांवरचा बनावट शिक्का

इंग्लंडमधील सटन कोल्डफिल्ड येथे १९५७ मध्ये भरलेल्या जागतिक स्काउट जांबोरीची, म्हणजे जगभरच्या स्काउटांच्या मेळाव्याची, प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघाले त्याच दिवसाचा टपाल शिक्का असलेली पाकिटे) सध्या मराठी तिकीट-संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटांतून विकली जात आहेत, आणि त्यांपैकी माझ्या हाती आलेल्या व मी तपासलेल्या आवरणांवरचा शिक्का टपाल खात्याने मारलेला नसून तो अलीकडे प्रिंटरवर छापलेला आहे. माझ्याबरोबर पुण्यातील एका निवृत्त शिक्षकांचीही यात फसवणूक झाली. अनेक वर्षे शाळेचे स्काउट पथक चालवलेल्या या सरांना ही आवरणे शाळेतल्या प्रदर्शनात मांडायची होती, हे कळल्यापासून सविस्तर लिहिणे मला अधिकच आवश्यक वाटू लागले.

ही तिकिटे कोणती, हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीची सारी रचना त्यांच्या वैशिष्ट्यावर उभी आहे. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १ ऑगस्ट १९०७ रोजी ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर सुरू केले. त्या घटनेला पन्नास वर्षे झाली आणि बेडन-पॉवेल यांच्या जन्मालाही त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली, म्हणून नववी जागतिक जांबोरी सटन कोल्डफिल्डमधल्या सटन पार्कमध्ये भरवण्यात आली. ब्रिटिश टपाल खात्याने १ ऑगस्ट १९५७ रोजी तीन तिकिटे काढली : दोरीच्या गाठीचे अडीच पेन्सचे लाल, ब्रिटनकडे येणाऱ्या स्काउटांची कल्पना मांडणारे चार पेन्सचे निळे, आणि होकायंत्रात पृथ्वीचा गोल दाखवणारे एक शिलिंग तीन पेन्सचे हिरवे. त्यांची चित्रे अनुक्रमे मेरी ॲडशेड, पॅट कीली आणि डब्ल्यू. एच. ब्राउन यांची आहेत. राणी एलिझाबेथ यांच्या १९५३ च्या राज्याभिषेकानंतर ब्रिटनने काढलेली ही पहिलीच स्मारक तिकिटे होती. त्या काळी असे प्रसंग फार कमी येत, आणि एका आंतरराष्ट्रीय युवक चळवळीच्या मेळाव्याला तो मान मिळाला, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

अडीच पेन्स हा तेव्हा ब्रिटनमधील साध्या पत्राचा दर होता, त्यामुळे ते तिकीट कोट्यवधींच्या संख्येने खपले. कोऱ्या स्थितीतला तिन्ही तिकिटांचा संच आजही अगदी स्वस्तात मिळतो. पहिल्या दिवशीचा साधा शिक्का असलेले आवरण त्याहून महाग असते. मात्र नागमोडी रेषांसह जांबोरीचे आणि सटन कोल्डफिल्डचे नाव असलेला खास यंत्र-शिक्का १ ऑगस्टच्या तारखेसह त्या आवरणावर असेल, तर त्याची किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणजे खरी तिकिटे आणि जुने कोरे पाकीट सहज मिळते, आणि पैसा आहे तो केवळ शिक्क्यात. तिकीट बनावट करण्याची गरजच उरत नाही. तिकिटे खरी निघाल्यावर संग्राहकाचा संशय निम्म्याहून अधिक ओसरतो, ही गोष्ट विक्रेत्याला पुरती ठाऊक होती.

विक्रेता शुद्ध मराठी बोलणारा असून आपण इंग्लंडमध्येच राहतो असे तो सांगत असे. गटात आल्यावर त्याने लगेच काही विकायला काढले नाही. ऑस्ट्रियाच्या १९५१ च्या बाट इश्ल जांबोरीचे तिकीट, कॅनडाचे १९५५ चे तिकीट अशा वस्तूंची छायाचित्रे टाकून तो त्यांची माहिती देई, आणि ती माहिती बरोबर असे. पुढे त्याने काही साधी आवरणे वाजवी किमतीला विकली. ती मीही घेतली होती आणि ती आजही खरीच आहेत. त्यानंतर एका दिवंगत इंग्रज स्काउटमास्तरांचा संग्रह त्यांच्या कुटुंबाकडून आपल्याकडे आला असल्याचे त्याने कळवले. पुण्याच्या सरांना त्याने लिहिलेला संदेश त्यांनी मला नंतर दाखवला : "सर, तुमच्यासारख्या जाणकाराच्या हाती हे गेलं, की मी निश्चिंत होईन. दुकानदाराला दिलं तर तो तुकडे करून विकेल." निवृत्त माणसाच्या साठवलेल्या पैशांवर डोळा ठेवून असे आदराचे शब्द लिहिले गेले, याचा मला मनापासून संताप आहे.

किंमत त्याने प्रत्येक आवरणाला ७० पौंड ठेवली होती. संशय यावा इतकी ती कमी नव्हती, आणि पूर्ण बाजारभावाहून थोडी खाली असल्याने लगेच होकार द्यावा असे वाटत होते. पैसे मात्र थेट बँक खात्यात भरायचे होते. लिलावाच्या संकेतस्थळावरून व्यवहार केला तर दलाली जाते, ती वाचली म्हणून किंमत कमी ठेवता येते, असे त्याचे स्पष्टीकरण होते. सरांनी त्याने दिलेल्या भारतातील एका खात्यावर यूपीआयने पैसे पाठवले. या पद्धतीमुळे मध्ये पडून पैसे थांबवू शकेल असा तिसरा पक्षच राहत नाही, आणि दलाली वाचवण्याच्या बोलण्यामागचा खरा हेतू तोच होता.

मी बर्मिंगहॅममध्ये राहत असल्याने सटन पार्क माझ्या नेहमीच्या परिचयाचे आहे, आणि पहिला धागा त्या परिचयामुळेच हाती लागला. माझ्याकडे आलेल्या दोन आवरणांपैकी एकावर टंकलेखनयंत्राने पत्ता लिहिला होता आणि त्याच्या शेवटी 'सटन कोल्डफिल्ड, वेस्ट मिडलँड्स' असे होते. वेस्ट मिडलँड्स हा परगणा १ एप्रिल १९७४ रोजी अस्तित्वात आला, आणि सटन कोल्डफिल्ड बर्मिंगहॅममध्ये समाविष्ट झाले तेही तेव्हाच. १९५७ मध्ये ते गाव वॉरिकशर परगण्यात होते, त्यामुळे त्या वर्षी टपालात पडलेल्या पत्रावर वेस्ट मिडलँड्स असणे शक्यच नाही. विक्रेत्याला विचारल्यावर, शिक्का मारून घेतलेले आवरण आधी कोरे होते आणि पत्ता मालकाने पुढे कधीतरी टंकला असावा, असे उत्तर त्याने तत्काळ दिले. एकट्या पत्त्यापुरते पाहिले तर हे उत्तर अशक्य नव्हते.

म्हणून मी शिक्का दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला. यंत्राच्या धातूच्या ठशाने मारलेल्या शिक्क्यात शाई दाबली जाते. तिकिटाची कड कागदापेक्षा किंचित उंच असल्याने ठसा तिथून पाकिटावर उतरताना रेषा थोडी तुटते किंवा फिसकटते, आणि दातेरी कडेच्या छिद्रांपाशी शाई कमी-जास्त लागते. माझ्या आवरणांवर रेषा तिकिटावरून पाकिटावर जिथे उतरत होती तिथे ती जराही बिचकत नव्हती, कारण ती कशानेही दाबली गेलेली नव्हती. त्याहून स्पष्ट खूण म्हणजे काळी दिसणारी रेषा भिंगाखाली अखंड काळी नव्हती. तिच्या कडांना निळे, गुलाबी आणि पिवळे अतिसूक्ष्म ठिपके विखुरलेले होते. शिक्क्याची शाई असे ठिपके टाकत नाही. ते घरगुती इंकजेट प्रिंटरचे काम आहे. आपल्या मालकीच्या आवरणावर एका कोपऱ्यातल्या रेषेच्या टोकाला मी ओलसर कापूस अलगद टेकवला तेव्हा रंग लगेच कापसाला लागला. शिक्क्याची तेलकट शाई इतक्या वर्षांनी पाण्याने सुटत नसते. अर्थात ही ओली चाचणी दुसऱ्याच्या वस्तूवर किंवा परत करायच्या वस्तूवर कोणीही करू नये.

शंकेला जागा उरू नये असा पुरावा सरांच्या आवरणाने दिला. त्यांनी त्याचे मोठ्या आकारातले स्कॅन पाठवले आणि मी तिन्ही शिक्के पडद्यावर एकमेकांवर ठेवून पाहिले. तारखेच्या वर्तुळाची डावी कड तिन्हींवर सारखीच जाड होती, एका नागमोडी रेषेतली फट त्याच जागी होती, आणि जांबोरी या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली स्वल्पविरामासारखा शाईचा एक डाग तिन्हीकडे अगदी त्याच आकाराचा होता. ठशाला चीर गेली असेल तर फट प्रत्येक शिक्क्यात दिसू शकते, हे मान्य केले पाहिजे. पण शाईचा थेंब दर वेळी वेगळा पडतो. तो तीन आवरणांवर तंतोतंत सारखा असण्याचे एकच कारण संभवते : कोणीतरी एका खऱ्या आवरणाचे स्कॅन करून त्यातला शिक्का वेगळा काढला आणि तेच चित्र पुन्हा पुन्हा छापले.

हे स्कॅन विक्रेत्याला पाठवल्यानंतर त्याने ते पाहिल्याची खूण उमटली, आणि थोड्याच वेळात तो गट सोडून गेला. त्याचा क्रमांक आता लागत नाही. येथील पोलिसांच्या फसवणूक नोंदणी व्यवस्थेकडे मी तक्रार केली असून माझ्या बँकेलाही कळवले आहे. सरांच्या मुलीने भारतात १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे पाठवल्यानंतर जितक्या लवकर तिथे कळवावे तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. सरांची तक्रार व्यवहारानंतर बऱ्याच काळाने झाली, कारण मुळात वस्तू खोटी असल्याचेच तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. ब्रिटनमध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार तीस दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. परंतु त्यासाठी विक्रेत्याचे खरे नाव आणि पत्ता हाती असावा लागतो, आणि आमच्याकडे होता तो फक्त एक भ्रमणध्वनी क्रमांक आणि एक बँक खाते.

यापुढे खास शिक्क्यामुळे किंमत वाढलेले कोणतेही आवरण घेताना, शिक्क्याचे किमान १२०० डीपीआयचे (एका इंचात १२०० ठिपके इतके बारीक) स्कॅन आधी मागवा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा. किंमत मोठी असेल तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय, किंवा तपासणीत वस्तू खोटी ठरल्यास पैसे परत देण्याचे लेखी आश्वासन असल्याशिवाय, ती घेऊ नये. वस्तू ज्या देशातली असेल त्या देशाचे त्या वर्षीचे परगणे, टपालदर आणि पत्ते लिहिण्याची रीतही पाहावी. ब्रिटनमधील पत्राचा दर १ ऑक्टोबर १९५७ पासून तीन पेन्स झाला, आणि देशभर पोस्टकोड लागू करण्याचे काम १९७४ मध्ये पूर्ण झाले. अशा तपशिलांकडे बनावट माल तयार करणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही.

माझी दोन्ही आवरणे मी नष्ट केलेली नाहीत, कारण तक्रारीत तीच पुरावा आहेत. मात्र ती पुढे कधीही खरी म्हणून कोणाच्या संग्रहात जाऊ नयेत, यासाठी दोन्हींच्या मागे 'शिक्का बनावट' असे पुसता न येणाऱ्या शाईने लिहिले आहे. सरांनीही तसेच केले आहे. गटातील आणखी काही जणांनी त्याच माणसाकडून जांबोरीची आवरणे घेतल्याचे मला कळले आहे. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी वर सांगितलेली वर्तुळाची जाड डावी कड, नागमोडी रेषेतली फट आणि पहिल्या अक्षराखालचा स्वल्पविरामासारखा डाग आपल्या आवरणावर आहे का ते भिंगातून पाहावे, आणि तिन्ही खुणा आढळल्यास ते आवरण पुढे न विकता त्याचे स्कॅन व पैसे भरल्याची नोंद जोडून तक्रार करावी.