राऊटर टेबलासाठी नेमा २३: ७६ मिमीवाली मोटर पुरते का?

पुरते. पण पॉवर सप्लाय नीट निवडलात तर. राऊटर टेबल म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड वगैरे कोरणारं यंत्र, आणि ही त्याचे अक्ष हलवणारी स्टेपर मोटर, छोट्या छोट्या पावलांनी (स्टेप) फिरणारी.

मोटर खपते ती होल्डिंग टॉर्कच्या आकड्यावर. हिचा १.९ न्यूटन-मीटर आहे. मात्र हा जोर मोटर जागेवर उभी असतानाचा, आणि आपला राऊटर तर पळत असतो. वेग वाढला की दर स्टेपला कॉइलमध्ये करंट चढायला वेळच उरत नाही आणि टॉर्क घसरतो. म्हणून मी आधी इंडक्टन्स (कॉइल करंट बदलायला किती विरोध करते ते) बघतो. हिचा ३.६ मिलिहेन्री, करंट २.८ अँपिअर. ‘नेमा २३’वर जाऊ नका, ते नुसतं तोंडाचं माप आहे, साधारण ५७ मिमी, ताकदीशी त्याचा संबंध नाही.

माझ्याकडे तिन्ही अक्षांवर हीच आहे, १६०५ बॉल स्क्रूवर (१६ मिमी जाडीचा, गोळ्यांवर फिरणारा आटेदार दांडा). एका फेऱ्यात ५ मिमी, म्हणजे मिनिटाला ३००० मिमी हवे तर ६०० आरपीएम. २४ व्होल्टवर तेवढ्या वेगात मोटर किंचाळून जागीच अडायची, गॅन्ट्री (कापणारं हत्यार वाहणारी सरकती कमान) थरथरत राहायची. ३६ व्होल्ट दिले आणि तीच मोटर, तोच डीएम५४२ ड्रायव्हर (मोटरच्या कॉइलना करंट देणारा डबा), गुमान पळायला लागले. ड्रायव्हर ५० पर्यंत घेतो, तरी ४८ मला काठावरचे वाटतात: गॅन्ट्री झटकन थांबली की मोटर जनरेटरसारखी वागते आणि व्होल्टेज उलट वर चढतं.

३ न्यूटन-मीटरची ११२ मिमी लांब मोटरही बघितली. रोटर जड, करंट ४.२ अँपिअर, म्हणजे या ड्रायव्हरची कमाल. शिवाय झेडची (वर-खाली अक्षाची) मोटर गॅन्ट्रीवरच बसते, तिचं वजन एक्स-वायने का वाहायचं? नको.

तक्रारी आहेतच. शाफ्ट ६.३५ मिमी, साफ गोल, चपटी बाजू नाही. ग्रब स्क्रूवाला (बारीक स्क्रू टोचून धरणारा) कपलर, म्हणजे शाफ्ट आणि बॉल स्क्रू जोडणारा तुकडा, त्यावर घसरतो, आवळून बसणारा क्लॅम्पवालाच घ्या. वायरींचे रंग सोबतच्या कागदाशी जुळत नाहीत. दोन वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवा; जड लागला तर ती एका कॉइलची जोडी. आणि हो, ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जातो.

हळू चालताना एका ठरावीक वेगाला टेबल गुरगुरतं. मायक्रोस्टेप ८ वर नेल्यावर (एका स्टेपचे आठ तुकडे, मिमीला ३२० पल्स) ते बरंच निवळलं. गरम म्हणाल तर हात टेकवत नाही इतकी होते, पण स्टेपरला ते चालतं.

झेडचं वेगळं बघा. बॉल स्क्रू भार पडला की उलटाही फिरतो, त्यामुळे वीज गेली की स्पिंडल (हत्यार फिरवणारी मोटर) आपल्या वजनाने खाली येतो आणि हिला ब्रेक नाही. झेडला ब्रेकवाली घ्या, एक्स-वायला हीच.