ट्रेनरवरचे १८० वॅट आणि सिंहगडावरचे १८० वॅट, सात महिन्यांनंतर

जूनमध्ये पुण्यात पाऊस लागला तेव्हा घरातच सायकल चालवायला ट्रेनर घेतला, डायरेक्ट ड्राइव्हवाला, म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (गिअरच्या चकत्यांवर) बसवायची. पहिल्या आठवड्यात वाटलं मशीन चुकीचं दाखवतंय, कारण सिंहगड मी १८० वॅटला तासाभरात चढतो, हार्ट रेट १५२ च्या आसपास, आणि हॉलमध्ये तेच १८० धरले तर पंचविसाव्या मिनिटाला १६५ आणि डोळ्यासमोर काजवे!

मशीन बरोबर होतं. पेडलवर १८० वॅट देताना शरीर त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकतं, आणि बंद हॉलमध्ये ती जाणार कुठे. घाटात वेग जेमतेम नऊ-दहाचा असला तरी पहाटेचा गारवा आणि थोडीफार झुळूक असतेच की. सीलिंग फॅनचा काही उपयोग नाही, मोठा पेडेस्टल फॅन छातीवर लावला तेव्हा हार्ट रेट आठ-दहाने उतरला. घाम मात्र थांबत नाही, टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) टॉवेल टाकायचा आळस केला आणि हँडल धरणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजले, ते माझ्याच कर्माने.

दुसरी गोष्ट फुकटच्या आरामाची. पानशेतची अडीच तासांची जुनी राइड उघडून बघितली तर अर्धा तास चक्क शून्य वॅट, उतार, सिग्नल, खडकवासल्याच्या ट्रॅफिकमध्ये रेंगाळणं (भजी खाल्ली ती वेळ वेगळी). ट्रेनरवर पाय थांबतच नाहीत, त्यामुळे तिथला एक तास मला बाहेरच्या दीड तासासारखा पडतो, हा माझा हिशोब, सगळ्यांचा असेलच असं नाही. अर्ग मोडमध्ये (ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच धरून ठेवतो) तर दमून कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८५ वरून ६० वर आला की वॅट तेवढेच ठेवायला ट्रेनर पेडल अजून जड करतो, मग चिखलात रुतल्यासारखं होतं, सरळ थांबायचं आणि परत सुरू करायचं. शेवटी घरातला एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॅट, त्यावरूनच वर्कआउट ठरतात) बाहेरच्यापेक्षा १२ वॅट कमी लावला, तेव्हा कुठे वर्कआउट पूर्ण व्हायला लागले.

आई विचारते, एवढं मारतोस तर इन्व्हर्टर तरी चार्ज होतो का रे.

ऑक्टोबरमध्ये सिंहगडला गेलो, चढ जूनपेक्षा चार मिनिटं लवकर झाला, एकदम खूश. उतरताना मात्र तिसऱ्याच वळणावर ब्रेक दाबून हात भरून आले, मान आखडली आणि खड्डा दिसूनही सायकल त्यातच गेली.