स्क्रीनवर नाव दिसत होते, तरीही मी पैसे पाठवले

कापडाच्या कडा शिवणाऱ्या, पण कधीच न आलेल्या इंटरलॉक मशीनचे १४,६०० रुपये, ‘परत मिळणाऱ्या’ कुरिअर विम्याचे १,८५० आणि परतावा मिळवण्याच्या नादात गेलेले ४,९९९, असे एकूण २१,४४९ रुपये मी अकरा दिवसांत स्वतःच्या हाताने अनोळखी खात्यांत भरले. त्यातला एक रुपयाही अजून परत आलेला नाही. हे लिहिताना लाज वाटते. घरातही पूर्ण रक्कम मी कालपरवापर्यंत सांगितली नव्हती. परंतु ज्या साध्या कारणामुळे ही रक्कम परत मिळत नाही ते कारण मला कोणी आधी सांगितले असते तर मी वाचले असते, म्हणून लिहीत आहे.

मी घरी शिवणकाम करते आणि यूपीआय रोज वापरते. माझ्या गिऱ्हाइकांचे निम्म्याहून अधिक पैसे त्यावरच येतात. त्यामुळे ‘अशा लोकांना काही कळत नाही’ असे कोणी म्हणाले तर मला ते मान्य नाही. समाजमाध्यमावरील ज्या पानावरून मी मशीन मागवले, त्यावर मशीनचे व्हिडिओ होते, गिऱ्हाइकांचे अभिप्राय होते आणि मला पाठवलेल्या कच्च्या बिलावर जीएसटी क्रमांकसुद्धा होता. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. मी तो पैसे गेल्यानंतर तपासला आणि तो भलत्याच व्यवसायाचा निघाला.

पैसे भरायच्या वेळी विक्रेता म्हणाला, “ताई, आमचं पेमेंट गेटवे आज बंद आहे, या नंबरवर टाका, म्हणजे आजच माल निघेल.” मी नंबर टाकला आणि स्क्रीनवर बँकेत नोंदलेले नाव आले. दुकानाचे नाव एक आणि खाते दुसऱ्याच एका पुरुषाच्या नावावर. ते नाव मी वाचले, नीट वाचले, आणि क्षणभर अंगठा थांबलासुद्धा. पण माझ्या स्वतःच्या क्यूआरवर तरी कुठे माझ्या शिवणकामाचे नाव येते? तिथे माझेच नाव दिसते आणि गिऱ्हाइके बिनधास्त पैसे पाठवतात. मालकाचे नाव असेल, असे मी मनाशी म्हटले आणि पिन टाकला. तो क्षण मला आजही रात्री आठवतो, कारण सगळी माहिती डोळ्यांसमोर होती आणि माझ्याच सवयीने तिचा अर्थ चुकीचा लावला. ओळखीच्या माणसाचे वैयक्तिक खाते आणि कधीही न पाहिलेल्या दुकानाचे वैयक्तिक खाते यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाव जुळले नाही तर पैसे पाठवू नका.

दोन दिवसांनी विम्याची मागणी आली, मशीन हातात पडताच पैसे परत मिळतील म्हणून. मशीन अडकून राहील या भीतीने तेही भरले. मशीन आले नाही. मी चिडून पैसे परत मागितले तेव्हा तो अतिशय नम्रपणे ‘करतो, करतो’ म्हणत राहिला, आणि या गोड बोलण्यातच माझा सगळ्यात मोलाचा वेळ गेला. अकराव्या दिवशी त्याने परताव्याचा पहिला हप्ता म्हणून क्यूआर पाठवला. त्या वेळी दारात ब्लाउजच्या फिटिंगसाठी बाई उभ्या होत्या, मी घाईत स्कॅन केले, रक्कम आधीच भरलेली होती, बटणावर ‘पैसे द्या’ असे स्वच्छ मराठीत लिहिलेले होते आणि मी पिन टाकला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मी स्वतः माझ्या सासूबाईंना शिकवलेले आहे.

बँकेत गेले तर उत्तर एका ओळीचे मिळाले: व्यवहार यशस्वी झाला आहे. कार्डाने दुकानदाराला दिलेल्या पैशांवर निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेली रक्कम म्हणजे हातात दिलेली रोकडच. मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला, तर अधिकाऱ्याने सांगितले की त्यातले संरक्षण ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे आणि तुम्ही तर स्वतः पिन टाकला आहे. फसवून घेतलेल्या संमतीला संमती कसे म्हणायचे, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचा पत्ता मागितला, तर गोपनीयतेचे कारण दिले. चोराची गोपनीयता जपली जाते आणि मला मात्र तीन वेळा तोच अर्ज नव्याने भरायला लावतात!

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार, क्यूआर स्कॅन केला त्याच रात्री नोंदवली गेली आणि पोचक्रमांक मिळाला. पण पहिली रक्कम जाऊन तोवर अकरा दिवस उलटले होते. एका खात्यात उरलेले ३१२ रुपये तेवढे गोठवले गेले. परताव्याची वाट पाहू नका, शंका येताच त्याच तासाला फोन करा, आणि बारा अंकी व्यवहार क्रमांक आधी लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात मात्र पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी हे आमच्या हद्दीत येत नाही, तिसऱ्या दिवशी “एवढ्या रकमेसाठी कशाला मागे लागता, बाई?” असे ऐकावे लागले. ती रक्कम म्हणजे माझी चार महिन्यांची बचत आहे. लेखी पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही, तुम्हीही हलू नका.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, हे खरे, पण प्रतिवादीचा पत्ता तरी हवा ना? संवाद पुसू नका, विक्रेत्याने पान बंद करण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझे अर्धे पुरावे पानाबरोबरच गेले.

बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला येत्या गुरुवारी तीस दिवस पूर्ण होतात. शुक्रवारी सकाळी मी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दाखल करणार आहे, आणि त्या अर्जात त्या खातेदाराचे नाव, जे मी पिन टाकण्याआधी वाचले होते, ते पहिल्याच ओळीत लिहिले आहे.