हार्ड डिस्क डिटेक्ट होत नाही: कॅबिनेटच्या आत जोडावी की यूएसबी अडॅप्टरवर?

डिस्क दिसेनाशी झाली की दोन वाटा असतात. कॅबिनेट उघडून ती थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला (डिस्क जोडायच्या पोर्टला) जोडायची, नाहीतर यूएसबी अडॅप्टर लावून बाहेरच तपासायची. दुसरी सोपी, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पण दोष शोधायचा असेल तर आधी आत जोडा, असं मी आग्रहाने सांगेन.

अडॅप्टरमध्ये एक मधली चिप असते आणि डिस्कबद्दल संगणकाला जे कळतं ते तिच्यामार्फतच. जुन्या चिपांना २ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही, त्यामुळे ४ टीबीची धडधाकट डिस्कही भलत्याच क्षमतेची दिसते. काही अडॅप्टर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती पुढे पोहोचवतच नाहीत, आणि निदानाला तर तीच लागते. स्मार्टच्या यादीत ५ आणि १९७ या क्रमांकांपुढची मोजणी वाढत असेल तर डिस्क खराब होत चालली आहे, आधी डेटा वाचवा. १९९ पुढची वाढत असेल तर बहुधा साटा केबल बदलूनच काम होतं.

विजेचा फरक त्याहून मोठा. ३.५ इंची डिस्कला १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही लागतात. साधा यूएसबी पोर्ट फक्त ५ व्होल्ट देतो, म्हणून अडॅप्टरला स्वतःचा पॉवर प्लग नसेल तर ही डिस्क फिरणारच नाही. २.५ इंचीला ५ व्होल्ट पुरतात, पण यूएसबी २.० ची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००. कमी पडलं की डिस्क फिरायला लागते, टक् करून थांबते, परत फिरायला लागते. ऐकणाऱ्याला वाटतं डिस्क गेली! अशा वेळी केबल पुढच्या पोर्टातून काढून मागे, मदरबोर्डच्या पोर्टात लावून बघा.

आत मात्र एक वेगळीच अडचण येते, आणि तिने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. एक्स्टर्नल ड्राइव्हच्या, म्हणजे यूएसबीवर चालणाऱ्या बाहेरच्या डब्यातून काढलेली डिस्क कॅबिनेटमध्ये लावली तर हूं की चूं नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, काही नाही. अडॅप्टरवर लावली की लगेच फिरायची. काही नव्या डिस्कमध्ये साटा पॉवरच्या १५ पिनांपैकी तिसरीवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहावी अशी सोय असते, आणि अनेक एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तिथे नेमके ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा पॉवर देणारी केबल लावली की ती ३.३ व्होल्टची वायरच येत नाही. मी तीच लावली आणि डिस्क चालू झाली. मोड्युलर, म्हणजे केबल सुट्या करता येणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबल मात्र चुकूनही लावू नका. पिनांचा क्रम वेगळा असतो, डिस्क जळू शकते.

साटा पोर्टच मेलाय असं वाटलं तर मदरबोर्डवरचा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) बघा. तिथे एसएसडी बसवली की काही मदरबोर्डवर एकदोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डिस्क दिसते पण विंडोजमध्ये नाही, तर जोडणी ठीक आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडून ड्राइव्ह लेटर द्या. तिथे इनिशियलाइझ करायचं का, म्हणजे डिस्क नव्याने मांडायची का, असं विचारलं आणि डिस्कमध्ये डेटा असेल तर होकार देऊ नका. काही बाहेरचे डबे सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) ४०९६ बाइटचे दाखवतात, काही डेटा एन्क्रिप्ट करून ठेवतात. अशी डिस्क आत जोडली की कोरी वाटते. ती पुन्हा त्याच डब्यात घालून डेटा आधी काढून घ्या.

मग अडॅप्टर कधी? लॅपटॉपची २.५ इंची डिस्क एकदाच कॉपी करायची असेल, किंवा आत न दिसणारी डिस्क पडताळायची असेल तेव्हा. बाहेर दिसली तर संशय केबल, पोर्ट आणि त्या तिसऱ्या पिनवर घ्या. मोठ्या कॉपीसाठी यूएसबी ३.० चाच घ्या. २.० वर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे भरलेल्या ४ टीबीला ३० तासांहून जास्त. साटावर १५० एमबी मिळाले तर साडेसात तास.

पुरेशी वीज देऊनही दोन्हीकडे टक् टक् थांबत नसेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डेटा हवा असेल तर डिस्क तशीच बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या.