फुटत्या लाटांसाठी पॅडल बोर्ड : हवेचा की हार्ड?

गोव्यात फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपार झाली की वायव्येकडून खारे वारे जोर धरतात आणि सकाळी नितळ असलेल्या मोरजी-आश्वेच्या पाण्यावर आखूड, वेड्यावाकड्या लाटा उठू लागतात. वर उभे राहून वल्ह्याने चालवायचा पॅडल बोर्ड घेण्यापूर्वी तो याच वेळी चालवून पाहावा, कारण सकाळच्या पाण्यात हवा भरायचा बोर्ड आणि फोमच्या गाभ्यावर फायबर व इपॉक्सी चढवलेला हार्ड बोर्ड हे दोन्ही सारखेच गुणी वाटतात.

खरा फरक कडेचा आहे. हवेचा बोर्ड बहुधा 6 इंच जाड असतो आणि त्याची कड गोल, फुगीर असते. आडवी लाट आली की ती या कडेलाच उचलते, बोर्ड कलतो आणि वल्हे मारण्याऐवजी सारी शक्ती तोल सावरण्यात खर्च होते. हार्ड बोर्डाची पातळ कड पाण्यात थोडी रुतते, त्यामुळे हा धक्का सौम्य होतो; शिवाय लाटेवर स्वार झाल्यानंतर त्याच कडेवर भार देऊन बोर्ड वळवता येतो, जे हवेच्या बोर्डाला नीट जमत नाही. हवेचा बोर्ड उंच तरंगत असल्याने वाराही त्याला सहज ढकलतो, आणि हवा कमी भरली असेल तर तो पायांखाली लवतो.

तरीही शिकाऊ माणसाच्या अंगावर आदळला तर हवेचा बोर्ड कमी लागतो, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तो कपाटात मावतो. हार्ड बोर्डाला टपावर कॅरियर असलेली गाडी लागते. त्याला भेग पडल्यास पाणी गाभ्यात शिरते. अशा वेळी तो होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे देताना इपॉक्सीच वापरायला बजावून सांगावे, कारण पॉलिएस्टर रेझिनने आतला थर्मोकोलसारखा फोम विरघळतो.

नदी-खाडीत फिरणे हाच मुख्य हेतू असेल आणि लाटांत क्वचितच जायचे असेल, तर हवेचा बोर्ड पुरेसा आहे. लाटांसाठीच बोर्ड घ्यायचा असेल, तर अडचणी सोसूनही हार्डच घ्यावा. कोणताही घेतला तरी बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लीश, सरळ असावी. स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली लीश लाटेत ताणली गेली की बोर्ड वेगाने चालवणाऱ्याच्याच अंगावर खेचून आणते.