किचनचा प्लाय आणि एमडीएफ, 16 महिन्यांनंतर (फोंडा)

गेल्या वर्षी एप्रिलात किचन आणि दोन कपाटं करून घेतली, आता दुसरा पाऊस चालू आहे म्हणून लिहितेय, कारण आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबरच.

सिंकखाली आणि भिंतीला टेकणाऱ्या भागात 18 एमएमचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय घातला, आयएस 710 या भारतीय मानकाचा, यालाच मरीन प्लाय म्हणतात. शीटवरचा शिक्का स्वतः बघा हं. आम्हाला दुकानातून मरीन म्हणून जी शीट काढून दाखवली तिच्यावर आयएस 303 एमआर होतं, म्हणजे दमटपणा सोसेल पण पाणी नाही. ती परत ठेवायला लावली. प्लाय आजही जसाच्या तसा.

शटर (कपाटांची दारं) एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाचे, पेंट त्यावर सुंदर बसतो. त्यातलं सिंकजवळचं एक बिघडलं. पेंट झाल्यावर बिजागरीसाठी 35 एमएमचं भोक मारलं आणि ते आतून बिनरंगाचंच राहिलं, तिथूनच ओल शिरली. जुलैत बिजागरी हलायला लागली, काढून बोट फिरवलं तर आतला भुसा ओल्या बिस्किटासारखा हाताला आला. बाकीच्या सगळ्या भोकांना मग सीलर मारला, ती ठीक आहेत.

शेल्फ मी स्वतः कापले. 8 बाय 4 ची 18 एमएम एमडीएफ शीट साधारण 40 किलोची, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. पहिली शीट दोन स्टुलांवर ठेवून कापली, शेवटाला मधेच वाकली, ब्लेड चिमटलं आणि सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) जोरात माझ्या अंगावर मागे आला. हात दोन्ही हँडलवर होते म्हणून वाचले, पण त्या दिवशी पुढे काही कापलं नाही. आता जमिनीवर थर्माकोल, त्यावर पूर्ण शीट, आणि ब्लेड शीटच्या खाली फक्त 5-6 एमएम. दात खालून वर येतात म्हणून चांगली बाजू खाली, 60 दातांचं कार्बाइड ब्लेड, रेघेवर मास्किंग टेप, सनमायकाचे टवके उडत नाहीत.

धुळीचं मात्र हलक्यात घेऊ नका. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, वर फॉर्मल्डिहाइडचा गोंद. मेस्त (सुतार) तोंडाला रुमाल बांधून कापत होता, त्याला मी एन95 मास्क आणून दिला आणि काम बाल्कनीत हलवलं.

दोन शेल्फांच्या कडा अजून उघड्या आहेत, गणेश चवथीच्या आधी एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावून घेणार.